अमेरिकेची दारूबंदी फसली, म्हणून मागणीच चुकीची होती का?

माजघर:
अमेरिकेतल्या दारूबंदीचा (१९२०-३३) विषय निघाला की चोरट्या दारूवर गब्बर झालेला गुंड अल कपोन येतो आणि 'मूठभर कर्मठांचा हट्ट' म्हणून बोळवण होते. मला हे पटत नाही. १८७३-७४ च्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका गुत्त्यांसमोर प्रार्थनेला बसल्या, कारण नवऱ्याचा पगार तिथे जात होता आणि मार घरी पडत होता. मत द्यायचा हक्कही नव्हता, दाद कुठे मागणार? सिरोसिसने (दारूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराने) मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण १९११ मध्ये लाखामागे २९.५ होतं, १९२९ मध्ये १०.७. याला यश म्हणायचं नाही?

खडूफळा:
आकडे मान्य, निष्कर्ष नाही. ती घसरण बरीचशी १९२० च्या आधीच झाली होती: अनेक राज्यांत आधीच बंदी होती, शिवाय महायुद्धातले धान्यावरचे निर्बंध. आणि कायदा कसा केला ते बघा. पिणं गुन्हा नव्हताच. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा. पैसेवाल्यांनी जानेवारी १९२० आधी तळघरं भरली आणि घरात निर्धास्त प्यायले. डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्कीही मिळे. गरिबाच्या वाट्याला कारखान्यांतून चोरलेलं अल्कोहोल. लोक ते पितात हे ठाऊक असूनही सरकारने त्यातलं विषारी मिथाइल अल्कोहोल वाढवायला लावलं! न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस तेव्हाच जाहीरपणे म्हणाले होते की यात गरीब मरतायत. अशा कायद्याची बाजू घ्यायची?

तिठा:
कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेलाही विसरू नका. इलिनॉयच्या विल्यमसन परगण्यात हे लोक दारू शोधायच्या नावाखाली इटालियन खाणकामगारांच्या घरांत घुसले.

माजघर:
विषाचं आणि क्लॅनचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण हे पाप राबवणाऱ्यांचं. ते त्या बायकांच्या माथी का मारता?

खडूफळा:
बायकांचंच म्हणता, तर १९२९ मध्ये पॉलिन सेबिन यांनी बंदी उठवण्यासाठी बायकांचीच संघटना काढली. सगळीकडे राजरोस कायदा मोडला जातोय आणि मुलं ते बघत वाढतायत, ही त्यांची तक्रार होती. १८७४ च्या आईइतकीच ही आईसुद्धा खरी.

माजघर:
सेबिन बड्या घरच्या होत्या. पगाराच्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. आणि १९३३ मध्ये बंदी उठली त्यात मंदीचा वाटा मोठा होता. सरकारला दारूवरचा कर हवा होता, लोकांना रोजगार. मार खाणाऱ्या बायकांसाठी त्या जागी दुसरं काय आणलं, ते सांगा.