मदत हवी आहे : पुण्याहून आणलेली बिअर नासली का? (तातडीचे)

सांगलीकर४१६ (सोमवार, दुपारी ३.१०)
मंडळी, डोकं फिरलंय. शनिवार-रविवार आम्ही मित्र पुण्याला जाऊन आलो. तीन मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या छोट्या जागा) केल्या, आवडल्या त्या बिअरी बाटलीत भरून आणल्या. आत्ता सहज एक उघडली तर उग्र वास, आणि ग्लासात ओतली तर गढूळ, थेट उसाच्या रसासारखी. पैसे गेले ते गेले, पण रात्री साडेआठला मेव्हणा जेवायला येतोय आणि त्याच्यापुढं मी फोनवर लई फुशारकी मारून ठेवलीय. प्यायची का ओतायची, एवढंच सांगा. प्रवचन नको.

जव_आणि_जीव (३.१९)
कुठली बिअर? वास कसला? कधी भरली? फ्रिजात होती का? दवाखान्यात जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणून गप्प बसल्यासारखं केलंय तुम्ही.

सांगलीकर४१६ (३.२२)
क्राफ्ट बिअर. आणि फ्रिजातच आहे की.

जव_आणि_जीव (३.२४)
"क्राफ्ट बिअर" म्हणजे "भाजी" म्हटल्यासारखं झालं. वांगं का दोडका?

चहाबाज (३.२६)
ओतून द्या आणि आल्याचा चहा टाका. मेव्हणे कुठल्या गावचे?

नियमावली (३.३१)
धागाकर्त्याने आधी काही गोष्टी स्पष्ट कराव्यात. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, बहुतेकांना हे माहीतच नसतं. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. आणि पुण्याहून सांगलीपर्यंत गाडी कोणी चालवली? रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच खेपेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

सांगलीकर४१६ (३.३६)
काका, परवाना आहे, वय बेचाळीस आहे. आमच्यातला एकजण अजिबात पीत नाही, म्हणून तर त्याला नेतो. दोन दिवस लिंबूसरबत पिऊन बिचारा आंबला. आता कुणीतरी माझ्या प्रश्नाकडं बघा.

जुनाखोड (३.४४)
पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून आम्ही हा नाद करतोय, म्हणून अधिकाराने सांगतो. तुमची चूक क्रमात झाली असणार. आधी हलकी गव्हाची, मग पेल एल, मग कडवट आयपीए, शेवटी काळी स्टाउट. उलटं केलं की जीभ मरते आणि पुढची प्रत्येक बिअर पाण्यासारखी लागते. मोठा ग्लास मागवायचाच नाही, छोट्या ग्लासांचा नमुना-ट्रे घ्यायचा, चौघांत एक. मध्ये पाणी आणि साधा पाव. आणि सांगलीकर हमखास भडंग घेऊन जातात. लसूण-मिरचीचं भडंग खाऊन बिअर चाखणं म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून चित्रप्रदर्शन बघणं.

सांगलीकर४१६ (३.४७)
क्रम विचारलाच नव्हता. (भडंग नेलं होतं.)

कृष्णाकाठ (३.५०)
भडंगाला नावं ठेवायची नाहीत. पिल्सनर बिअर आणि भडंग, याहून चांगली जोडी दाखवा.

जुनाखोड (३.५३)
पिताना चालेल हो. मी चाखण्याबद्दल बोलतोय.

कृष्णाकाठ (३.५४)
आम्ही प्यायलाच जातो.

जव_आणि_जीव (३.५८)
धागा वाहवत चाललाय. सांगलीकर, पुन्हा विचारतो. वास नेमका कशासारखा? आंबलेल्या इडलीच्या पिठाचा, ओल्या पुठ्ठ्याचा, जळक्या रबराचा, का फळाचा? आणि पावतीवर बिअरचं नाव असेल ते जसंच्या तसं लिहा.

सांगलीकर४१६ (४.०९)
पावती सापडली. तीन बाटल्या आहेत. उघडलेली ती "हेफेवाइझेन". वास पिकलेल्या, काळ्या पडलेल्या केळ्याचा. मागं जरा लवंगेसारखं पण येतंय. फ्रिजात केळी नाहीत, बायकोला विचारून खात्री केली.

जव_आणि_जीव (४.१४)
अहो!! ती उत्तम आहे. हेफेवाइझेनला केळं आणि लवंग यायलाच हवी, नाही आली तर करणाऱ्याचं चुकलं. हा बव्हेरियातला गव्हाच्या बिअरचा प्रकार. त्यातलं खास यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, पिकल्या केळ्याचा वास त्याचाच. लवंगेचा वासही यीस्टचीच करामत. बाहेरून केळं-लवंग काही घालत नाहीत. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि न गाळलेल्या यीस्टचा. "हेफे" म्हणजेच जर्मनमध्ये यीस्ट. ओतू नका!

शनिवारी चाखली तेव्हा हा वास आला नव्हता का?

सांगलीकर४१६ (४.१७)
ती चौथी का पाचवी होती. आठवत नाही.

जुनाखोड (४.१८)
म्हणून क्रम सांगत होतो.

द्राक्षबाग_तासगाव (४.२५)
मला एक कळत नाही. आपल्या जिल्ह्यात एवढी द्राक्षं, २००१ च्या धोरणानंतर पलूसला वाइन पार्क झालं, आणि आपली पोरं जवाचं पाणी प्यायला पाच तास गाडी हाणत पुण्याला जातात. बिअरला कडवटपणा देणारी ती हॉप्सची फुलं तर बहुतेक परदेशातूनच येतात. आपल्याकडं पिकलेल्या मालाची वाइन घरी आणा, मेव्हण्याला अभिमानानं सांगा.

कृष्णाकाठ (४.२९)
भाऊ, वाइन पार्कचं पुढं काय झालं ते तुम्हालाही माहीत आहे. तुमची सगळी द्राक्षं बेदाण्याला जातात. बेदाणा द्या मेव्हण्याला.

द्राक्षबाग_तासगाव (४.३१)
बेदाण्याला नावं ठेवायची नाहीत.

जव_आणि_जीव (४.३५)
उरलेल्या दोन बाटल्यांचं काय? त्या कशा आणल्या? डिकीत का एसीत? वाटेत किती वेळ?

सांगलीकर४१६ (४.४६)
आता सगळंच सांगतो, म्हणजे परत प्रश्न नकोत. काल दुपारी एकला निघालो. खंबाटकी घाटात दीड तास अडकलो, डिकी तापलेली, मे महिना. पुढं पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत तो रस्ता, म्हणजे बाटल्या चांगल्या घुसळून निघाल्या. घरी यायला रात्रीचे आठ. आल्याआल्या फ्रिजात. दुसरी बाटली स्टाउट आहे. ती शनिवारी रात्री लॉजवर अर्धी प्यायलो होतो, परत झाकण लावलं. तिसरी आयपीए. तपकिरी बाटल्या दोनच नेल्या होत्या, म्हणून ती पांढऱ्या काचेच्या बाटलीत, गाडीत मागच्या काचेपाशी ठेवली होती. डिकीत जागा नव्हती, भडंगाची पिशवी होती.

मुकादम (४.४९)
पेठ-सांगली रस्ता अजून तसाच आहे? पुढच्या आठवड्यात यायचंय.

जव_आणि_जीव (४.५८)
स्टाउट गेली. विषारी वगैरे नाही, बिअरमध्ये अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स असल्यामुळे रोगजंतू सहसा वाढत नाहीत. पण अर्धी रिकामी बाटली म्हणजे वर हवा, खाली बिअर, आणि सगळा वायू निघून गेलेला. उघडलेली बाटली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवायची असते. त्यात ही बिअर पाश्चराइज केलेली नसते, कारखान्यातल्या बाटलीसारखी उन्हात टिकत नाही. पुढच्या वेळी बर्फाची पेटी न्या.

आयपीए उघडून हुंगा. हॉप्समधल्या कडवट द्रव्यांवर ऊन पडलं की गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याला कुबट, जळक्या रबरासारखा वास येतो. पांढऱ्या काचेत हे काही मिनिटांत होतं. तपकिरी बाटली शोभेची नसते. तुमची तर पाच-सात तास उन्हात होती.

सांगलीकर४१६ (५.०६)
उघडली. रबर. शंभर टक्के रबर. बायको विचारतेय गॅसची नळी जळली का.

कृष्णाकाठ (५.०८)
😂😂 ती ओता.

अन्नपूर्णेची_सून (५.१५)
स्टाउट टाकू नका, मटणात घाला. मी केलंय. मटण परतून झालं की पाण्याऐवजी ती ओतायची आणि मंद आचेवर शिजवायचं. रश्शाला छान काळपट रंग येतो.

जुनाखोड (५.१९)
कांदा-लसूण मसाल्यात स्टाउट? कडू होईल. हॉप्सचा कडवटपणा आटवला की वाढतो.

अन्नपूर्णेची_सून (५.२१)
कप-दीड कप घालायची हो, अख्खा हंडा नव्हे. थोडा गूळ टाकायचा. तुम्ही करून बघितलंय का नुसतं अधिकाराने सांगताय?

जुनाखोड (५.२४)
नुसतं अधिकाराने. बरं, त्या शिळ्या स्टाउटमध्ये सोडा घातला तर फेस परत येईल का?

जव_आणि_जीव (५.२५)
काका, तुम्ही पण?

सांगलीकर, हेफेची बाटली उभीच ठेवा, आडवी नको. झाकण तारेच्या चापाचं असेल तर रबरी वॉशर नीट बसलाय ना बघा, नाहीतर साडेआठपर्यंत तीही सपाट. परत गार करायची तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ, वीस मिनिटं. फ्रीझरमध्ये अजिबात नको. फार गारही देऊ नका, केळ्याचा वास दबतो. आणि ओतताना शेवटचा दोन बोटं भाग बाटलीत ठेवून, बाटली गोल फिरवून, तळाचं यीस्ट मग वरून ओता. मेव्हण्यापुढं तेवढंच केलं तरी फुशारकी वसूल.

नियमावली (५.४०)
परवान्याची मुदतही तपासून घ्यावी. एक वर्षाचाही असतो.

सांगलीकर४१६ (रात्री ११.२०)
सगळ्यांचे आभार, विशेषतः जव_आणि_जीव यांचे. बादली, बर्फ, मीठ, सगळं केलं. बाटली गोल फिरवून ओतली. मेव्हण्यानं हुंगलं, एक घोट घेतला आणि म्हणाला, "दाजी, ह्यात कुणीतरी शिकरण मिसळलंय. आपली नेहमीची स्ट्राँग नाही का?" मग अख्खी बाटली मीच संपवली. खरं सांगतो, या खेपेला केळं नीट कळलं. लवंग पण.

मटणात कपभर स्टाउट घातली होती. त्यात काय घातलंय ते मात्र त्यानं तीनदा विचारलं, बायकोनं सांगितलं नाही.

अन्नपूर्णेची_सून (११.२६)
गूळ घातला होता ना?

मुकादम (११.३१)
पेठ नाक्याच्या रस्त्याचं कुणी सांगितलं नाही अजून.