अनुभव धागा: मुलांसोबत घरी पाहिलेले माहितीपट

लेक नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी घरात ठरलं की शाळेतून आल्यावर जो अर्धा-पाऊण तास टीव्ही लागतोच, त्यात आठवड्यातून तीनदा तरी माहितीपट लावायचा. सुरुवातीला मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसायचे, लक्ष अर्धंच. एके दिवशी पडद्यावर बी रुजत होतं. माती हलली, कोंब वर आला, पानं उघडली, सगळं वीसेक सेकंदांत. तिने रिमोट घेतला, चित्र थांबवलं आणि विचारलं, "आई, खरे किती दिवस लागले असतील गं?"

मला सांगता येईना. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दर दहा मिनिटांनी एक फोटो काढला तर दिवसाचे १४४ फोटो होतात. सेकंदाला २५ चित्रं धरली तर अख्खा दिवस सहा सेकंदांत संपतो आणि दहा दिवस एका मिनिटात. पुढच्या आठवड्यात जुना फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला आणि समोर काचेच्या पेल्यात घेवड्याचं बी पेरलं. तिसऱ्या रात्री कुणीतरी सवयीने दिवा मालवला आणि सकाळपर्यंतचे सगळे फोटो काळे आले. ती रडली. पण उरलेल्या फोटोंत तिने मला जे दाखवलं ते मी विसरणार नाही. घेवड्याचा कोंब टोकाने वर येत नाही. आधी त्याची वाकलेली पाठ मातीतून बाहेर पडते, मग तो हळूच डोकं उचलतो. इतकी वर्षं मी रोपं लावते आहे, मला हे कधी दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून घड्या नंतर घालते, आधी तिच्याजवळ बसते.

तुमच्याकडे काय घडलं ते ऐकायचं आहे. चांगल्या माहितीपटांच्या याद्या कुठेही मिळतात. मला हवं आहे ते तुमच्या घरात, तुमच्या मुलांच्या बाबतीत झालेलं. फसलेलंही जरूर लिहा.

सात वर्षांच्या मुलाचे बाबा

आमचा मुलगा फार हळवा आहे. शिकारीचं दृश्य आलं की तोंड उशीत. एकदा हरणाचं पाडस पकडलं गेलं तेव्हा तो रागाने थरथरत म्हणाला, "ते कॅमेरावाले काका नुसते बघत का बसलेत?" मी समजावलं की पाडस सोडवलं तर वाघिणीची पिल्लं उपाशी राहतील, म्हणून चित्रीकरण करणारे मध्ये पडत नाहीत. त्याला ते पटलं नाही, पण तो गप्प झाला.

काही महिन्यांनी 'डायनॅस्टीज' या २०१८ सालच्या मालिकेतला एम्परर पेंग्विनचा भाग पाहिला. अंटार्क्टिकाच्या वादळात काही पेंग्विन पिल्लांसकट बर्फाच्या घळीत अडकले होते, त्यांना वर चढता येत नव्हतं. तेव्हा चित्रीकरण करणाऱ्यांनी फावड्याने बर्फात उताराची वाट खणून दिली आणि पेंग्विन त्या वाटेने आपले आपण वर आले. मुलगा पलंगावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "मग हरणाला का नाही?"

आम्ही त्यावर जवळजवळ तासभर बोललो. इथे कुणाच्या तोंडचा घास काढून घेतला जात नव्हता, कुणाला हातही लावला नव्हता, फक्त वाट करून दिली होती. सात वर्षांच्या मुलाशी इतका गंभीर विषय बोलता येईल असं मला वाटलं नव्हतं. तरी लहान मुलांच्या पालकांना एक कळकळीने सांगतो: भाग आधी एकदा स्वतः बघून घ्या. नको तिथे दृश्य अंगावर आलं तर मूल आठवडाभर झोपत नाही. आमच्याकडे ते झालं आहे.

अकरा वर्षांच्या भाच्याची मावशी

भाचा सुट्टीत माझ्याकडे असतो. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' ही १९८० सालची तेरा भागांची मालिका आम्ही रोज एक भाग अशी पाहिली. तिच्यात विश्वाचं सगळं वय एका वर्षाच्या कॅलेंडरात बसवून दाखवलं आहे. भाच्याला ते इतकं आवडलं की त्याने मागच्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर पसरलं आणि आजचा १३८० कोटी वर्षांचा आकडा धरून स्वतः हिशोब मांडला. एक दिवस म्हणजे सुमारे ३ कोटी ७८ लाख वर्षं. एक सेकंद म्हणजे सुमारे ४३७ वर्षं.

मग लाल पेनने खुणा सुरू झाल्या. सूर्य आणि पृथ्वी सप्टेंबरच्या सुरुवातीला. त्याआधीची आठ पानं तो नुसता उलटत राहिला. "मावशी, आठ महिने आपला सूर्यच नव्हता!" डायनासोर संपले ते ३० डिसेंबरच्या सकाळी. माणूस लिहायला शिकला ते ३१ तारखेच्या मध्यरात्रीला जेमतेम बारा सेकंद उरले असताना. शेवटी त्याने स्वतःचं वय काढलं: सेकंदाचा चाळिसावा भाग. वर ताईंनी सेकंदाला २५ चित्रांचा हिशोब दिला आहे, त्यातल्या एका चित्राहूनही कमी!

मला वाटलं आता हा खट्टू होईल. पण त्याने ३१ डिसेंबरच्या चौकोनात, कोपऱ्याला अगदी चिकटून, पेनाचं टोक टेकवून एक ठिपका दिला आणि म्हणाला, "आलो ना पण." ते कॅलेंडर अजून माझ्या भिंतीवर आहे.

आजोबा, नातू दहा वर्षांचा

जुने माहितीपट टाकाऊ समजू नका, एवढं सांगायला लिहितो आहे. माझ्याकडे 'वॉकिंग विथ डायनासॉर्स' या १९९९ सालच्या मालिकेच्या डीव्हीडी होत्या. मोठ्या हौसेने नातवाला लावून दिल्या. पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, "आजोबा, या शिकारी डायनासोरला पिसं हवीत." मी म्हटलं, पिसं पक्ष्यांना असतात. त्याने शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक आणून मला दाखवलं. पिसांसारख्या तंतूंच्या खुणा असलेला डायनासोरचा जीवाश्म चीनमध्ये १९९६ सालीच उजेडात आला होता आणि नंतर असे पुष्कळ सापडले.

मग आम्ही एक वही केली. डाव्या पानावर 'तेव्हा सांगितलं ते', उजव्या पानावर 'आता माहीत आहे ते'. ग्रहमालेच्या माहितीपटात नऊ ग्रह होते, उजवीकडे लिहिलं की २००६ पासून प्लूटो बटुग्रह. शनीच्या चंद्रांचा आकडा तर प्रत्येक माहितीपटात वेगळा. २०२५ साली तो २७४ वर गेला तेव्हा नातवाने फोन करून मला कळवलं आणि मी वहीत खोडून नवा आकडा घातला. लहानपणी मी शिकलो ते सगळं कायमचं ठरलेलं असतं असं समजून. या मुलाला दहाव्या वर्षी कळलं आहे की माहिती बदलते आणि ती का बदलली हे शोधता येतं.

माध्यमिक शाळेतली शिक्षिका

कृपा करून माहितीपट संपल्यावर मुलांना 'सारांश लिही' म्हणू नका. पुढच्या वेळी मूल टीव्हीसमोर बसायच्या आधीच कंटाळलेलं असतं.

मी पालकांना दोन गोष्टी सुचवते. सुरू करण्याआधी एकच प्रश्न द्या, उत्तर सोपं नसलेला. आणि आवडलेला पाच मिनिटांचा तुकडा दुसऱ्यांदा आवाज बंद करून लावा, निवेदन मुलाने करायचं. माझ्या वर्गात सहावीतला एक मुलगा होता, वाचताना अक्षरं उलटसुलट व्हायची म्हणून वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. त्याच्या आईने घरी हे करून पाहिलं आणि मला मोबाइलवर ध्वनिमुद्रण पाठवलं. ऑक्टोपसचा तुकडा होता. "याला तीन हृदयं आहेत. पोहायला लागला की एक हृदय थांबतं. म्हणून हा दमतो. म्हणून बघा, आता तो सरपटत जाईल." आणि त्याच क्षणी पडद्यावर तो ऑक्टोपस तळाशी उतरून सरपटू लागलेला असणार, कारण मागून आईचा "अरे!" ऐकू येतो. मी ते त्याच्या परवानगीने वर्गात लावलं.

आठ वर्षांच्या मुलाची आई (मुलाला ऐकू येत नाही)

आमच्यासाठी सगळं उपशीर्षकांवर अवलंबून आहे. ती नसली तर तो फक्त प्राणी हलताना बघतो. ती घाईघाईने केलेली असली तर ओळ वाचेपर्यंत चित्र पुढे गेलेलं असतं. म्हणून आमच्याकडे 'थांबव' बटण हा चैनीचा नाही, गरजेचा भाग आहे. पंचवीस मिनिटांचा भाग आम्हाला तासभर पुरतो.

एकदा खोल समुद्राच्या माहितीपटात खाली अक्षरं आली, 'तणाव वाढवणारं संगीत'. त्याने खुणेने विचारलं, तणाव वाढवणारं म्हणजे कसं? मी आवाज वाढवला आणि त्याचे दोन्ही तळवे स्पीकरवर टेकवले. आधी हलकी, लांब लांब थरथर. मग ठोके जवळ जवळ येऊ लागले. त्याचे डोळे पडद्यावर, हात स्पीकरवर. अंधारातून मासा झेपावला तेव्हा तो आणि मी एकाच वेळी दचकलो. आता तो आधी संगीत 'बघतो', मग चित्र. माहितीपट बनवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर विनंती आहे: नुसतं 'संगीत' असं लिहू नका. कसलं संगीत ते लिहा.

आता महाविद्यालयात आहे, तेराव्या वर्षीची गोष्ट

ध्रुवीय अस्वल खूप दूर, कॅमेरा डोंगरावर, तरी बर्फावरच्या पावलांचा करकर आवाज स्पष्ट. मी बाबांना विचारलं, माइक कुठे लावला असेल? आम्ही शोधलं तेव्हा कळलं की वन्यजीवांच्या माहितीपटांतले असे पुष्कळ आवाज नंतर स्टुडिओत तयार करतात. बर्फावरच्या पावलांसाठी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून दाबतात. आम्ही चामड्याच्या जुन्या पाकिटात भरून करून पाहिलं. हुबेहूब! खोली पांढरी झाली, पण मी रात्रभर अस्वल होतो.

आवाजाची ती युक्ती मला फसवणूक वाटली नाही. पण त्याच शोधात दुसरी गोष्ट वाचली. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून समुद्रात सामूहिक उड्या घेतात, असं १९५८ सालच्या एका माहितीपटात दाखवलं होतं. त्याला ऑस्कर मिळालं. प्रत्यक्षात ते प्राणी दुसरीकडून आणलेले होते आणि कड्यावरून त्यांना लोटलेलं होतं. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. हे वाचून मला खूप राग आला होता, अजूनही येतो. तेव्हापासून कुठलंही थरारक दृश्य पाहिलं की पहिला प्रश्न: कॅमेरा कुठे होता, आणि तो तिथे कसा पोहोचला? मालिकेच्या शेवटी 'हे कसं चित्रित केलं' असा तुकडा असेल तर मुलांना तो आवर्जून दाखवा.

दोन मुलांचे बाबा, फसलेला अनुभव

एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू. मुलं तीन-तीन तास बसायची आणि मी खूश, कारण 'ज्ञान' मिळतंय. एका रविवारी सहज विचारलं, आज काय पाहिलं? धाकटा म्हणाला, "प्राणी." थोरल्याला तेवढंही सांगता आलं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझी होती.

आपोआप पुढे जाणं बंद केलं. एक भाग, मग टीव्ही बंद. पहिले पंधरा दिवस भांडणं झाली. मग फुलपाखरांचा भाग पाहिल्यावर धाकट्याला लिंबाच्या कुंडीत सुरवंट दिसला, अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखा. काडीने हलकेच शिवलं तर त्याने डोक्यामागून नारिंगी शिंगं काढली आणि उग्र वास सोडला. माहितीपटात कोषातून फुलपाखरू अर्ध्या मिनिटात निघालं होतं. इथे अकरा दिवस काहीच नाही. पोरगा रोज सकाळी दात घासत कुंडीपाशी. बाराव्या दिवशी आम्ही सगळे झोपेत असताना ते उडून गेलं, रिकामा कोष उरला. मला वाटलं आकाशपाताळ एक करेल. त्याने तो कोष काडेपेटीत ठेवला आणि कुंडीत पुढचा सुरवंट शोधायला लागला.

दहा आणि बारा वर्षांच्या मुलींची आई

काल रात्रीचंच लिहिते. महाकाय स्क्विड या ऑक्टोपसच्या गोत्रातल्या प्राण्याचा माहितीपट लावला होता. तो राहतो तितक्या खोल पाण्यात तो पहिल्यांदा चित्रित झाला २०१२ साली, जपानच्या दक्षिणेकडच्या समुद्रात. पाणबुडीचे पांढरे दिवे पाहून असे प्राणी पळतात, म्हणून शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्याला लाल दिवा लावला. तितक्या खोल पाण्यातल्या बहुतेक जिवांना लाल प्रकाश दिसत नाही. ते पाहून मोठी म्हणाली, बऱ्याच कीटकांनाही लाल रंग दिसत नाही ना? लगेच भेटवस्तूच्या वेष्टनाचा लाल कागद टॉर्चवर दुहेरी गुंडाळला, रबर लावलं आणि दोघी बाहेर.

साध्या टॉर्चने पतंग फुलावरून उडून जायचा. लाल प्रकाशात तो बसून राहिला. धाकटीला त्याची सोंड दिसली, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. तिने श्वास रोखून धरला. सोंड उलगडली, फुलात गेली, परत गुंडाळली. आत येऊन मी म्हटलं, माहितीपट अर्धा राहिलाय, लावू का? मोठी कुजबुजली, "श्श. तो अजून पितोय."