स्प्रिंग ट्रेनिंगचं नवं ठिकाण ‘पक्कं झालं’ म्हणजे नेमकं काय ठरतं?

नववा_डाव (प्रश्न):
अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा एखादा संघ स्प्रिंग ट्रेनिंगचं, म्हणजे हंगामाआधीच्या सराव शिबिराचं, फ्लोरिडा किंवा ॲरिझोनातलं ठिकाण बदलतो तेव्हा बातमीत स्टेडियमचं चित्र, आसनसंख्या आणि खर्चाचा आकडा एवढंच येतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जेमतेम सहा आठवडे, त्यात घरच्या मैदानावर साधारण १५ सामने. एवढ्यासाठी १४०-१६० एकर जागा कशाला लागते? पैसा कोण घालतं, संघ की शहर? आणि करारावर सह्या झाल्यावर पहिला सामना व्हायला दोन-तीन वर्षं का जातात? जाणकारांनी जरा तपशिलात सांगावं.

बुलपेन_कोपरा:
सहा आठवड्यांचा हिशेब आधी सोडून द्या. हे संकुल बारा महिने चालतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुख्य शिबिर, ते संपलं की मागे राहिलेल्या तरुण खेळाडूंचा लांबलेला सराव, मग उन्हाळ्यात फ्लोरिडा किंवा ॲरिझोना कॉम्प्लेक्स लीगचे (याच संकुलांत होणाऱ्या नवख्या खेळाडूंच्या लीगचे) सामने, शरद ऋतूत शिकवणीची शिबिरं. दुखापतीतून सावरणारे खेळाडू तर वर्षभर तिथेच. त्यामुळे संघ जागा बघायला येतो तेव्हा स्टेडियमपेक्षा मागची सरावाची मैदानं जास्त बारकाईने बघतो.

मुख्य शिबिरात साठच्या आसपास खेळाडू असतात आणि त्यातले जवळपास निम्मे पिचर (चेंडू टाकणारे). शिवाय मायनर लीगचे (खालच्या स्तरावरचे) शंभराहून जास्त. म्हणून एका संघाला किमान सहा पूर्ण मैदानं, एक-दोन नुसती इनफिल्डची (बेसच्या आसपासच्या आतल्या भागाची) अर्धी मैदानं, छपराखालच्या बॅटिंगच्या जाळ्या आणि बुलपेनची (पिचरच्या सरावाच्या जागांची) लांब रांग लागते. पहिल्या आठवड्यात पिचर साधारण दिवसाआड माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावरून) चेंडू टाकतात. ३० पिचर धरले तर रोज १५ जण आणि हातात दीड-दोन तास. आठ-दहा माउंड शेजारी शेजारी नसतील तर माणसं रांगेत उभी राहून थंड पडतात.

या माउंडचं माप स्टेडियममधल्या माउंडशी तंतोतंत जुळायला हवं: होम प्लेटपेक्षा (फलंदाजाजवळच्या जमिनीतल्या पट्टीपेक्षा) १० इंच उंच, रबरपासून (माउंडवर पिचर पाय टेकतो त्या पट्टीपासून) प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच, रबरच्या पुढे ६ इंचांवरून सुरू होणारा दर फुटाला एक इंच उतार. मातीही तीच हवी. बुलपेनमध्ये मऊ आणि सामन्यात कडक माती असेल तर पुढचा पाय टेकण्याची जागा बदलते, आणि हंगामाआधी पिचरच्या लयीला तोच पहिला धक्का बसतो. नवा माउंड एकदम ढीग करून बांधत नाहीत. चिकण माती इंच-इंच थरांनी, ओलावा सांभाळत ठोकून बसवतात. थर कोरडे बसले तर पाय पडतो तिथे पापुद्रे सुटतात आणि तिसऱ्या दिवशी खड्डा दिसतो.

आणखी एक गोष्ट नकाशात चटकन लक्षात येत नाही. नियमपुस्तकाच्या शिफारशीप्रमाणे होम प्लेटपासून माउंडवरून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी, म्हणजे कलतं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत येत नाही. पण सरावाची चार मैदानं सहसा चौपानी फुलासारखी, होम प्लेट मध्याकडे करून मांडतात, म्हणजे मधल्या मनोऱ्यावरून प्रशिक्षकांना चारही दिसतात. मग चारही मैदानांची दिशा योग्य राहणं शक्यच नसतं. ज्याची दिशा चांगली, तिथे खऱ्या पिचरसमोरची फलंदाजी ठेवायची आणि बाकीच्यांवर क्षेत्ररक्षणाचा सराव.

एका मैदानाची मापं घरच्या मैदानासारखी ठेवायचीही पद्धत आहे. रेड सॉक्सचं फोर्ट मायर्समधलं जेटब्लू पार्क (२०१२) बोस्टनमधल्या त्यांच्या घरच्या फेनवे पार्कच्या मापावर, डावीकडच्या उंच भिंतीसकट बांधलंय. भिंतीवरून उलटणारा चेंडू कुठे येतो हे लेफ्ट फिल्डरला मार्चमध्येच कळतं.

करार_वाचक:
पैशाबद्दल. बहुतेक ठिकाणी मालकी शहराची किंवा काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि संघ २०-३० वर्षांचा भाडेकरू, अशी मांडणी असते. फ्लोरिडात काउंटीचा मोठा आधार म्हणजे हॉटेलच्या खोल्यांवरचा पर्यटन कर. राज्याचाही वाटा मिळू शकतो. २०१३ च्या कायद्यात एका संघाच्या मैदानासाठी २ कोटी डॉलरपर्यंत आणि दोन संघांच्या एकत्र मैदानासाठी ५ कोटी डॉलरपर्यंतची तरतूद आहे, ती अनेक वर्षांत हप्त्यांनी येते आणि स्थानिक पैसा सोबत लागतो. ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीच्या मतदारांनी २००० मध्ये हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांवरचा कर मंजूर केला, कॅक्टस लीगच्या (ॲरिझोनात सराव करणाऱ्या संघांच्या) मैदानांना त्यातून पैसा मिळाला. कब्ज हा संघ ॲरिझोनातल्या मेसा शहरातच राहिला तोही तिथल्या २०१० च्या मतदानानंतर. त्यांचं नवं मैदान २०१४ मध्ये उघडलं.

पण बांधकामाचा आकडा वाचून थांबू नका, करारातली पुढची कलमं जास्त महागात पडतात. रोजची देखभाल कोणाची आणि छप्पर, दिवे, निचऱ्याच्या नळ्या असल्या मोठ्या दुरुस्त्या कोणाच्या? त्यासाठी दरवर्षी वेगळा निधी बाजूला पडतो का? तिकिटं, पार्किंग, खाण्याचे स्टॉल आणि मैदानाला नाव देण्याचे हक्क, यातलं काय कोणाकडे? संघ मुदतीआधी गेला तर बांधकामासाठी काढलेले उरलेले कर्जरोखे कोण फेडणार? हे शेवटचं कलम सैल राहिलं की संघ निघून जातो आणि शहर रिकाम्या मैदानाचं कर्ज फेडत बसतं. माझ्या मते करार जोखायचा तो याच कलमावर.

फ्लोरिडात वादळाचं कलमही हवंच. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळाने पोर्ट शार्लटमधल्या रेज संघाच्या संकुलाचं नुकसान केलं आणि २०२३ चं शिबिर त्यांना दुसरीकडे घ्यावं लागलं. विमा कोणाचा, पर्यायी जागा कोण शोधणार, त्या वर्षाचं भाडं माफ की नाही, हे आधी लिहिलेलं बरं.

हिरवळ_अभ्यास:
दोन-तीन वर्षं का लागतात, याचं अर्धं उत्तर गवतात आहे.

दोन्ही राज्यांत मुळातलं गवत बर्म्युडा. ते उष्णतेत वाढतं आणि थंडीत झोपतं, ॲरिझोनात तर फेब्रुवारीत तपकिरी असतं. नेमक्या त्याच वेळी शिबिर असतं. म्हणून तिथे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बर्म्युडा अगदी खाली कापून त्यावर बारमाही राय गवताचं बी टाकतात, दर १,००० चौरस फुटांना १० ते १५ पौंड. उगवेपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं पाणी. बी लवकर टाकलं तर जागा असलेला बर्म्युडा रोपांना दाबतो, उशीर केला तर थंड मातीत उगवण विरळ होते आणि फेब्रुवारीत टक्कल दिसतं.

आता नवं मैदान. गवताच्या पट्ट्या अंथरल्यावर बर्म्युडाची मुळं खालच्या वाळूच्या थरात उतरायला एक पूर्ण उन्हाळा लागतो. मुळं न धरलेल्या गवतावर रायचं बी टाकलं तर पहिल्याच वसंतात पट्ट्यांचे सांधे उचकतात आणि स्पाइकखाली तुकडे निघतात. म्हणून कंत्राटदाराने उलटं मोजायचं: फेब्रुवारीत खेळ, ऑक्टोबरमध्ये बी, मे-जूनपर्यंत गवत अंथरलेलं, त्याआधी वाळू आणि खडीचे थर, निचऱ्याच्या नळ्या, समपातळी. जूनची तारीख हुकली तर काम दोन महिने पुढे गेलं असं होत नाही, अख्खा हंगाम हातातून जातो.

ब्रेव्हजचं नॉर्थ पोर्टमधलं मैदान बघा. २४ मार्च २०१९ ला तिथे एकच सामना झाला, त्या वसंतातला त्यांचा फ्लोरिडातला शेवटचा. पूर्ण शिबिर २०२० मध्ये. असं टप्प्याने उघडणं शहाणपणाचं आहे, कारण दिवे, पाणी, कपडे बदलण्याच्या खोल्या सगळं एका खऱ्या सामन्यात तपासून होतं.

नववा_डाव:
खूप आभार, गवताचा मुद्दा अजिबात डोक्यात नव्हता. एक राहिलं: जुनं ठिकाण चांगलं असताना संघ निघतात तरी का?

करार_वाचक:
शेजारी कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं. पाहुण्या संघाने किमान चार नियमित खेळाडू आणावेत असा नियम आहे, आणि लांबच्या बसप्रवासाला अनुभवी खेळाडू नाखूश असतात. बसमध्ये गेलेला वेळ सरावातूनच वजा होतो. नॅशनल्स फ्लोरिडातल्या व्हिएरात असताना हीच अडचण होती. २०१७ मध्ये ते आणि ॲस्ट्रोज वेस्ट पाम बीचला एकाच संकुलात आले, तिथून ज्युपिटरला कार्डिनल्स आणि मार्लिन्स जवळ, पोर्ट सेंट लुसीला मेट्स. ते १६० एकर संकुल जुन्या कचराभूमीवर उभं आहे. ॲरिझोनात १५ संघ १० मैदानांवर, सगळे फीनिक्सच्या परिसरात. फीनिक्सपासून लांबच्या टूसॉनमधून व्हाइट सॉक्स गेल्यावर उरलेल्या दोघांना रोजचे प्रतिस्पर्धीच दूर झाले. मग ते दोघे, रॉकीज आणि डायमंडबॅक्स, २०११ मध्ये एकत्रच फीनिक्सच्या परिसरातल्या सॉल्ट रिव्हर फिल्ड्सला आले.

बुलपेन_कोपरा:
जुन्या जागांचं काय होतं तेही सांगतो, कारण नव्या शहरांनी ते आधी बघावं. डॉजर्सनी १९४८ पासूनचं फ्लोरिडातलं व्हेरो बीच २००८ नंतर सोडलं. २०१९ पासून ते संकुल मेजर लीग चालवते, जॅकी रॉबिन्सनच्या नावाने. फीनिक्स म्युनिसिपल स्टेडियम ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संघाला मिळालं. व्हिएरातल्या मैदानांवर आता कृत्रिम गवत आहे आणि तिथे मुलांच्या स्पर्धा होतात. तिन्ही ठिकाणी संघ गेल्यावरही मैदानं वापरात राहिली, कारण तिथे वर्षभर खेळायला कोणीतरी मिळालं.