नाइफने उत्स्फूर्त रंगवताना भावना चित्रात टिकत का नाही?

निळीरेघ (प्रश्न)

मी दोन वर्षांपासून तैलरंगात केवळ पॅलेट नाइफने (रंग कालवण्याच्या व लावण्याच्या बोथट, लवचीक सुरीने) चित्रे रंगवते आहे. आधी रेखाटन करायचे नाही, मनात जे दाटून आले असेल ते थेट कॅनव्हासवर उतरवायचे, एवढा एकच नियम मी पाळते. पहिली दहा मिनिटे चित्र जिवंत असते. तासाभराने पाहावे तर सगळीकडे करडा-तपकिरी लगदा पसरलेला असतो आणि ज्या रागाने मी बसले होते त्याचा मागमूसही उरलेला नसतो. परवा ओल्या अल्ट्रामरीन निळ्यावर कॅडमियम नारिंगीचा एक फटका ओढला. तो इतका नेमका बसला होता की आणखी ठळक करावा म्हणून मी त्यावरून दोनदा नाइफ फिरवला, आणि तो जागच्या जागी विझला. उत्स्फूर्तता न गमावता हे कसे टाळावे?

जवस

निळा आणि नारिंगी हे परस्परपूरक, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे, रंग असल्यामुळे ते एकमेकांत मिसळले की करडेपणाकडेच जाणार. त्यात तुमच्या भावनेचा काही दोष नाही. नाइफचे पाते रंग ठेवते तसेच खालचा ओला रंग उचलतेही, त्यामुळे दुसऱ्या फटक्यात तुम्ही नारिंगी नव्हे, तर मळलेला नारिंगी लावत होता. डाव्या हातात फडके धरून प्रत्येक फटक्यानंतर पाते पुसा. रंग पात्याच्या खालच्या बाजूला, कडेलगत जाड वळीसारखा घ्या. पाते जवळजवळ आडवे धरून तो अलगद टेकवा आणि उचला. पाते उभे धरून दाबले की ते रंग लावण्याऐवजी खरवडू लागते. बसण्यापूर्वी पाच-सहा रंगांचे ढीग कालवून ठेवावेत, म्हणजे भर रंगात आल्यावर हात थांबत नाही. फ्रेंच चित्रकार सेझानने 1866 मध्ये आपल्या वडिलांचे जे चित्र रंगवले, त्यातले नाइफचे जाड फटके पाहा. ते एकमेकांत विरघळत नाहीत, शेजारी-शेजारी उभे राहतात.

खरवड

पुसण्याविषयी पूर्ण सहमत. ढीग कालवून ठेवण्याविषयी मात्र नाही. माझ्या बाबतीत पाच ढीग तयार होईपर्यंत राग निघून गेलेला असतो! मी दोन रंग आणि पांढरा एवढेच घेतो आणि ते अर्धवट कालवतो, म्हणजे एकाच फटक्यात दोन्ही रंगांच्या शिरा दिसतात; त्या शिरांमध्ये हाताचा वेग आणि दाब जसाच्या तसा उमटतो.

शिवाय उत्स्फूर्तता म्हणजे घाई, हे समीकरण मला पटत नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि उतरवत. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत आणि कॅनव्हासला हात लावण्यापूर्वी दीर्घकाळ विचार करत. फटका क्षणाचा असला तरी त्याच्या आधीची वाट पाहणे क्षणाचे नसते. लगदा झालाच, तर त्याची डागडुजी करत बसू नका, तो भाग सरळ खरवडून काढा. कॅनव्हासच्या विणीत रंगाची जी फिकट छाया उरते, तिच्यावर पुढचा फटका अनेकदा कोऱ्या कॅनव्हासपेक्षा चांगला बसतो.

जाडथर

एक व्यावहारिक सूचना. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, त्यातले तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणून जाड थरावर वरून साय धरते आणि आतला रंग कित्येक महिने मऊ राहतो. नाइफसाठी रंगात जादा तेल मुळीच घालू नका, अन्यथा पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. ताणलेला कॅनव्हास पात्याखाली दबून उसळत असेल, तर प्राइम केलेला (रंगापूर्वीचे अस्तर दिलेला) लाकडी बोर्ड वापरून पाहा.

निळीरेघ

आपणा सर्वांचे आभार. काल बोर्डावर रंगवायला बसले, ढीग तीनच ठेवले (दोन्ही बाजूंचा मान राखला, असे समजा) आणि प्रत्येक फटक्यानंतर पाते पुसले. पुसण्यासाठी लागणारे ते दोन क्षणच कामी आले, कारण तेवढ्यात पुढचा फटका हवा आहे की नको हे कळत होते. सतरा फटक्यांनंतर थांबले. वरच्या कोपऱ्यातला तांबडा फटका एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला बोर्ड दिसेल इतका पातळ उमटला आहे. त्याला हात लावलेला नाही. खाली उजवीकडे जुन्या सवयीचा एक तपकिरी डाग पडला आहे, तो ओला आहे तोवर आज खरवडून टाकते.