मदत हवी आहे : लेक बुजरी आहे, विकास तपासणीतला शेरा कितपत धरायचा?

नमस्कार. आम्ही ठाण्यात, मानपाड्याला राहतो. लेक दहा महिन्यांची. घरात बडबड अखंड चालू, वाटीवर चमचा आपटून मजला जागा करते. पण अनोळखी माणूस दिसला की तोंड माझ्या खांद्यात. तलावपाळीला नेलं तरी बराच वेळ कडेवरून उतरत नाही.

परवा विकास तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईंनी ठोकळे पुढे केले, फडक्याखाली खेळणं लपवलं, आणि हिने भोकाड पसरलं. शेरा : बौद्धिक भाग अपेक्षेपेक्षा कमी. हेच लपवलेलं खेळणं घरी दुपट्याखालून चटकन काढते! सासूबाईंच्या मते मी तिच्याशी खेळायला कमी पडते. (जावेचा मुलगा म्हणे याच वयात कुणाकडेही जायचा.) ऑफिसमधून आल्यावर झोपेपर्यंत तास-दीड तास मिळतो. त्यात काय खेळू? आणि शेऱ्याची काळजी करू का?

प्रतिसाद (ऐरोलीहून) :
ताई, स्वभाव आणि बुद्धी या दोन गोष्टी. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कच्या बाळांचा अभ्यास केला, त्यात साधारण १५ टक्के तुमच्या लेकीसारखी हळूहळू रुळणारी निघाली. त्यांचं म्हणणं, मूल कसं आहे यापेक्षा घर त्याच्या स्वभावाला जुळवून घेतं का, हे महत्त्वाचं. शिवाय आठ-दहा महिन्यांत परक्याला घाबरणं वयाचंच असतं. रडणारं बाळ ठोकळे कसले उचलतंय? तेव्हा झोप झाल्यावर, तुमच्या मांडीवर, आधी थोडा वेळ रुळू देऊन पुन्हा तपासा म्हणावं.

खेळाचा परिणाम होतो, हे खरं. जमैकात आरोग्यसेविका आठवड्याला तासभर घरी जाऊन आयांना घरगुती खेळण्यांनी खेळायला शिकवत. दोन वर्षांत मुलांचे विकासाचे गुण वाढले. पण ती कुपोषणाने खुंटलेली मुलं होती, त्यामुळे तो निष्कर्ष तुमच्या घरी लावू नका. आणि जास्त खेळवलं म्हणजे जास्त हुशार, असंही नाही. ती चमचा आपटते ना? तुम्हीही आपटा, थांबा, तिची पाळी येऊ द्या. पदराआड लपून भॉक करा. तिने मान फिरवली की थांबा.

हाकेला वळत नसेल, आधाराशिवाय बसत नसेल, तुमच्याही नजरेला नजर देत नसेल, तर मात्र वाट पाहू नका.

मूळ धागाकर्ती :
हाकेला वळते, बसतेही. मांडीवर घेऊन तपासतील का, उद्या फोन करून विचारते. सासूबाईंना काय सांगू, ते कुणी सुचवा.