कंबरेतून पायात उतरणारी कळ : एमआरआय आत्ताच करू का?

ओवी३९: तीन आठवड्यांपूर्वी पाण्याचा २० लिटरचा जार उचलताना कंबरेत उसण भरली. कंबर आता बरी आहे, पण डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट अंगठ्यापर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. शिंक आली की जीव जातो. काकू म्हणतात मणक्यात गॅप असणार, एमआरआय करून टाक. शिवाय एका मालिशवाल्याचा नंबरही दिलाय.

भटकभवानी: मालिशवाला नको गं! मी नस ‘बसवून’ घेतली आणि चार दिवस भिंत धरून संडासला गेले.

कणाकणाने (फिजिओ): गॅप वगैरे काही नसतं. दोन मणक्यांमधली चकती मागे फुगते आणि नसेला टेकते. अंगठ्यापर्यंतची वाट बहुधा एल-५ नसेची (कंबरेच्या पाचव्या मणक्याखालून निघते ती). घरीच बघ : टाचांवर चालता येतं? कुणी दाबला तरी अंगठा वर धरता येतो? चवड्यांवर उभी राहतेस? (ही तिच्या खालच्या एस-१ नसेची परीक्षा.) डॉक्टर उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतील, ३० ते ७० अंशांदरम्यान कळ गुडघ्याखाली गेली तर संशय बळावतो. पायात जोर असेल तर एमआरआयची घाई नको. काहीही न दुखणाऱ्यांच्या फिल्ममध्येही फुगलेली चकती सर्रास दिसते, आणि रिपोर्ट वाचून माणूस उगाच खचतो. बहुतेकांचं ६ ते १२ आठवड्यांत बरंच उतरतं.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर झाली, दोन्ही पायांतला जोर गेला, तर मध्यरात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठ. पाऊल फरफटायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. ताप, घटतं वजन, पूर्वीचा कॅन्सर असेल तरी वाट बघू नये.

ओवी३९: टाचांवर चालले, अंगठाही उचलला जातो. हुश्श. मग झोपून राहू?

कणाकणाने: एखाद-दुसरा दिवस. जास्त लोळलीस तर लांबेल. दहा-दहा मिनिटं चाल, दिवसातून चार-पाचदा. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. बीपी, किडनी, अल्सर असेल तर आधी सांग. एक खूण लक्षात ठेव : कळ पोटरीतून वर सरकत कंबरेत गोळा झाली तर सुधारतंय, कंबर जास्त दुखली तरी. एखाद्या व्यायामाने ती खाली उतरायला लागली तर तो बंद.

भटकभवानी: आणि पट्टा?

कणाकणाने: एसटीच्या प्रवासात लाव हवं तर. दिवसभर नको.