मदत हवी आहे : मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा आहे, २५ हजारांत दुर्बिणीत काय बदलू?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला सुदामानगरात राहतो. घरी १३० मिमी आरशाची, ६५० मिमी फोकल लेंग्थची न्यूटोनियन दुर्बीण आहे. माउंट, म्हणजे दुर्बिणीचा फिरता स्टँड, ईक्यू-२, मोटर नाही. कॅमेरा जुना कॅनन १३००डी आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स. संध्याकाळी कॉलनीतली मुलं गच्चीवर शनीची कडी आणि गुरूचे चंद्र बघायला येतात. त्यासाठी ही दुर्बीण उत्तम आहे, त्यामुळे ती विकायचा सल्ला कृपया देऊ नका.

मृगातला तेजोमेघ मात्र डोळ्यांना राखाडीच दिसतो. पुस्तकात तो गुलाबी का, असं मुलं दरवेळी विचारतात. तो रंग खरा आहे, तापलेल्या हायड्रोजनचा आहे, हे त्यांना आपल्याच गच्चीवर काढलेल्या फोटोतून दाखवावं असं फार मनात आहे.

पहिली अडचण फोकसची. टी-रिंग (कॅमेरा जोडायची कडी) लावून कॅमेरा थेट दुर्बिणीला जोडला, तर फोकसर (फोकसची सरकती नळी) पूर्ण आत घेऊनही चित्र स्पष्ट होत नाही. टी-रिंगच्या तोंडापासून सेन्सर ५५ मिमी मागे असतो आणि प्रतिमा त्याच्या अलीकडेच तयार होते. बार्लो (फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) लावली की फोकस होतो, पण २x बार्लोने एफ/५ चं (६५० भागिले १३०) एफ/१० होतं, म्हणजे एक्स्पोजर चौपट. लांब बोल्ट टाकून मुख्य आरसा पुढे सरकवायचा, असा उपाय वाचला आहे. पण मग दुय्यम आरशावर पडणारा प्रकाशाचा शंकू रुंद होणार आणि कडेचा प्रकाश वाया जाणार. १३० मिमीच्या दुर्बिणीवर कुणी हे केलं आहे का? आरसा नेमका किती सरकवावा लागला, आणि नंतर नुसत्या डोळ्यांनी बघताना आयपीसचा (डोळ्याजवळच्या भिंगाचा) फोकस जमतो का? मुलांचं बघणं बंद पडेल असं काही मला करायचं नाही.

दुसरी अडचण माउंटची. मोटरशिवाय दुर्बीण आकाशाबरोबर फिरत नाही, त्यामुळे ६५० मिमीला अर्ध्या सेकंदातच तारे लांबट होतात. ईक्यू-२ ची मोटर बजेटात बसते, पण दुर्बीण आणि वर डीएसएलआर एवढं वजन ते माउंट नीट पेलेल का, याची शंका आहे. नवं दणकट माउंट आवाक्याबाहेर आहे.

म्हणून सध्या माझा कल वेगळीकडे आहे. दुर्बीण आहे तशीच ठेवायची आणि फोटोसाठी बिजागरीचा, म्हणजे बार्न डोअर, ट्रॅकर घरी बनवायचा : दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या आणि वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा. १ मिमी पिचचा एम ६ बोल्ट बिजागरीपासून २२८.६ मिमीवर बसवून मिनिटाला एक फेरा दिला, की वरची फळी आकाशाच्या वेगाने फिरते. बोल्ट, बिजागरी सियागंजात मिळतील. बोल्ट फिरवायला छोटी स्टेपर मोटर आणि ती चालवायला आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) घेतलं तरी बरेच पैसे उरतात, त्यातून जुनी १३५ मिमी मॅन्युअल लेन्स घेता येईल. त्या लेन्सच्या साडेनऊ अंशांच्या चौकटीत त्रिकांड बाण आणि तेजोमेघ एकत्र बसतात. देवयानी दीर्घिकाही पूर्ण मावते. दुर्बिणीतून ते शक्यच नाही, कारण तिथे चौकट जेमतेम दोन अंशांची आणि देवयानी तीन अंश लांब.

प्रश्न बिजागरीच्या खेळाचा, म्हणजे ढिलेपणाचा आहे. १३५ मिमीला कुणी असा ट्रॅकर वापरला असेल तर किती सेकंद तारे गोल राहिले? साध्या दाराच्या बिजागरीऐवजी पियानो बिजागरी (लांब पट्टीसारखी) घेऊ का?

शिवाय आमच्या गच्चीवरून उत्तरेला शेजारच्यांची पाण्याची टाकी आडवी येते. ट्रॅकरची बिजागरी ध्रुवाकडे रोखावी लागते, पण इंदूरहून ध्रुव क्षितिजाच्या वर जेमतेम २३ अंश असतो, तो टाकीमागे लपतो. ध्रुव न दिसताही दुर्बिणीचं माउंट ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे तारा किती सरकतो ते बघून, लावता येतं हे माहीत आहे. बिजागरीच्या ट्रॅकरवर ते कसं करतात? की सरळ महूच्या पुढे जानापावच्या डोंगराकडे जावं? तिकडे अंधारही चांगला मिळेल. पण मग मुलांना फोटो निघताना बघता येणार नाही, आणि तेच मला हवं आहे.

शेवटचं, कॅमेऱ्यातला फिल्टर. कंपनीचा मूळ फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराच अडवतो. तो काढून घेतलेला कुणाचा कॅमेरा असेल तर आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवाल का? मृगाचा तेजोमेघ इतका तेजस्वी आहे की पुष्कळ फ्रेम सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एकत्र केल्या, तर मूळ फिल्टरनेही गुलाबी छटा यावी, असं मला वाटतं.

जुनं सामान चालेल. कुणाला १३५ मिमी लेन्स विकायची असेल तर मेसेज करा.